सोलमधला एक निवांत दिवस: राजवाडा, मठातलं जेवण आणि चहाची दुपार

माझी आई माळकरी. अंडं घातलेला केकसुद्धा तिला चालत नाही. तिला दक्षिण कोरियाला घेऊन जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "तिथे ती खाणार काय?" मी त्याआधी एकदा सोलला जाऊन आले होते. तेव्हा दिवसाला आठ-आठ ठिकाणं पालथी घातली, पण काहीच नीट चाखलं नव्हतं. आईसाठी दिवस आखताना मी एकच गोष्ट बदलली. जेवण आणि चहा यांची वेळ आधी ठरवली आणि बाकीचं सगळं त्यांच्या अवतीभवती बसवलं. तो दिवस इतका सुरेख गेला की नंतर ओळखीतल्या अनेकांना मी तोच आखून दिला. इथे तो पायरीपायरीने सांगते.

सगळा दिवस जोंगनो या जुन्या भागातच काढायचा आहे. राजवाडा, बौद्ध मठ, चहाची घरं, जुनी वस्ती आणि बाजार हे सगळं तीनेक किलोमीटरच्या टापूत आहे. मेट्रो फक्त सकाळी येताना आणि रात्री परतताना लागते.

वार, हंगाम आणि आधीची तयारी

बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार निवडा. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो, दुपारच्या जेवणाचं ठिकाण रविवारी बंद असतं आणि शनिवारी गर्दी फार. हंगाम म्हणाल तर एप्रिल, किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. जुलैत तिथेही पावसाळा असतो आणि जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. थंडी सोसणार असेल तर हिवाळ्यात चहाघरातल्या ऊबदार जमिनीवर बसण्याचं सुख मात्र काही औरच.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो, तो हातात आल्याशिवाय काही पक्कं करू नका. फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप उतरवून घ्या, कारण गूगलचा नकाशा कोरियात पायी वाट नीट दाखवत नाही. स्टेशनवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मेट्रो-बससाठी टी-मनी कार्ड मिळतं. ते घेऊन त्यात पैसे भरा. हे पैसे बहुतेक ठिकाणी रोखीने भरावे लागतात, त्यामुळे थोडे वॉन खिशात हवेत. बाजारातल्या ठेल्यांवरही रोख बरी पडते. हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की पुरतं. हानबोक, जेवण, चहा आणि संध्याकाळचं खाणं धरून माणशी 70,000 ते 80,000 वॉन लागतात, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये. टीप द्यायची पद्धत तिथे नाही.

मासा कुठे दडलेला असतो

शाकाहारी माणसासाठी या लेखातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते.

कोरियन जेवणात भाज्या भरपूर असतात. पालक, कोंब, मुळा, दुधी, रानभाज्या उकडून तीळतेलात परतलेल्या असतात. त्यांना नामुल म्हणतात. ताटाभोवती मांडलेल्या या छोट्या वाट्यांना बानचान म्हणतात आणि त्या मागाल तितक्या वेळा फुकट भरून मिळतात. हे पाहून शाकाहारी माणूस खूश होतो, पण फसगत इथेच होते. किमचीत, म्हणजे मुरवलेल्या तिखट भाजीत, मांसाचा तुकडा नसला तरी ती मुरवताना बहुतेक वेळा माशाचा खारा अर्क आणि खारवलेली बारीक कोळंबी घालतात. साध्या दिसणाऱ्या सोयाबीनच्या आमटीचं पाणी सुक्या म्योलची माशांचं असतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या मते त्यात मांस नसतंच. त्या खोटं बोलत नसतात. आपल्याकडे काही घरांत मासे चालतात आणि मटण चालत नाही, तसंच त्यांच्या हिशेबात मांस वेगळं आणि मासा वेगळा.

म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही, एकेका पदार्थाचं नाव घ्यावं लागतं. गोगी म्हणजे मांस, सेंगसोन म्हणजे मासा, हेमुल म्हणजे समुद्रातलं काहीही, एकजोत म्हणजे माशाचा अर्क, ग्येरान म्हणजे अंडं. यांतल्या कोणत्याही शब्दापुढे "प्पेगो जुसेयो" जोडा, म्हणजे "ते वगळून द्या" असा अर्थ होतो. "ग्येरान प्पेगो जुसेयो" हे आईने दुसऱ्याच दिवशी स्वतः म्हणायला सुरुवात केली होती. हॉटेलच्या स्वागतकक्षात हीच यादी कोरियन लिपीत कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी दाखवा. बोलण्यापेक्षा कागद जास्त उपयोगी पडतो.

सकाळी नऊ: हानबोक आणि राजवाडा

तिसऱ्या मार्गिकेवर ग्योंगबोकगुंग स्टेशन आहे. बाहेर पडलात की आसपास हानबोक भाड्याने देणारी दुकानं दिसतील. हानबोक म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख. बायकांसाठी जोगोरी हा आखूड वरचा अंगरखा आणि छातीपासून खाली घेर असलेला चिमा, पुरुषांसाठी अंगरखा आणि बाजी, म्हणजे ढगळ पायजमा. दोन-तीन तासांचे 15,000 ते 30,000 वॉन घेतात. हानबोक घालून गेलात तर राजवाड्याचं 3,000 वॉनचं तिकीट लागत नाही, पण वरचा आणि खालचा असे दोन्ही कपडे हवेत. नुसता अंगरखा चालत नाही. छातीवरची ओगोरुम नावाची फीत बांधायची एक ठरलेली रीत आहे, ती दुकानातल्या बाईंकडूनच बांधून घ्या आणि बांधताना लक्ष देऊन पाहा. नऊवारी नेसवताना जाणती बाई निऱ्या बसवते, त्याच सवयीच्या हातांनी त्या ती गाठ बसवतात.

राजवाडा नऊला उघडतो. दहा वाजता पहारेकऱ्यांच्या बदलाचा सोहळा असतो, ढोल, शिंगं आणि रंगीत निशाणं यांसह वीसेक मिनिटांचा. तो पाहायला पाच-दहा मिनिटं आधी ग्वांगह्वामुन या मुख्य दरवाजाच्या आतल्या पटांगणात उभे राहा. सकाळचा हुकला तर दुपारी दोनला पुन्हा होतो, पण मग दिवसाची घडी विस्कटते.

हा वाडा जोसोन राजवटीने 1395 साली बांधला. 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला आणि त्यानंतर पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. 1867 साली तो पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानच्या वसाहतवादी सत्तेने त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि ऐन समोर आपलं भलंमोठं सरकारी कार्यालय बांधलं. ते 1995-96 मध्ये पाडून टाकलं गेलं. आज दिसणाऱ्या कितीतरी इमारती गेल्या काही दशकांत पुन्हा उभारलेल्या आहेत आणि काम अजून चालूच आहे. हे माहीत असलं की कोवळ्या रंगाच्या तुळया पाहून "हे तर नवंच दिसतंय" असं वाटत नाही, उलट त्यामागची जिद्द जाणवते.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. गुन्जोंगजोन हा दरबार पाहा आणि त्याच्या अंगणात दोन्ही बाजूंना रांगेत रोवलेले दगड पाहा. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं ते त्यांच्यावर कोरलेलं आहे. तळ्यातला ग्योंगहोएरु मंडप पाहा. आणि आपला विषय खाण्याचा असल्याने राजघराण्याचं स्वयंपाकघर चुकवू नका. सोजुबांग नावाची ही वास्तू 2015 मध्ये पुन्हा उभारून खुली केली.

राणीच्या महालामागे विटांची सुंदर धुराडी आहेत. घराखालून धूर फिरवून जमीन तापवायची ओन्दोल नावाची पद्धत तिथे शेकडो वर्षं चालत आली, त्याच धुराची ही वाट. कोरियन माणूस जमिनीवर बसून जेवतो, जमिनीवर निजतो, त्याचं मूळ या ऊबदार जमिनीत आहे. आई धुराड्यावरची नक्षी बघत बराच वेळ उभी होती.

राजवाड्याच्याच आवारात लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि ते विनामूल्य आहे. त्याच्या बाहेरच्या भागात ओंगी, म्हणजे आपल्या रांजणांसारखी मातीची भांडी मांडलेली दिसतील. कोरियन स्वयंपाकाची सगळी चव या रांजणांत तयार होते. उकडलेल्या सोयाबीनच्या विटा करून त्या सुकवतात, मग मिठाच्या पाण्यात बुडवून महिनोन्महिने मुरवतात. पाणी वेगळं काढलं की तो गान्जांग, म्हणजे सोया सॉस. मागे उरलेला लगदा आणखी मुरला की द्वेनजांग. तिखट लाल गोचुजांग हा त्यांचाच भाऊ. या कलेची नोंद युनेस्कोने 2024 मध्ये केली. थंडीआधी सगळ्यांनी मिळून किमची घालायच्या किमजांग प्रथेची नोंद त्याआधीच, 2013 मध्ये झाली होती. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया पडायच्या, शेजारणी लाटायला यायच्या, त्यांना किमजांग म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. मिरची मात्र त्यांच्याकडेही उशिरा आली, साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली, त्याच शतकात.

साडेअकराला वाड्यातून निघा आणि हानबोक परत करा. दिवसभर अंगावर ठेवण्याचा मोह होतो, पण चिमाच्या घेरासह मांडी घालून जेवणं कठीण जातं.

दुपारी बारा: जोग्येसा आणि मठातलं जेवण

पूर्वेकडे पंधरा मिनिटं चाललं की जोग्येसा लागतं. कोरियातल्या सर्वांत मोठ्या बौद्ध पंथाचं हे मुख्य मंदिर. अंगणात शेकडो वर्षांचा वृक्ष आहे आणि आत बुद्धाच्या तीन भव्य सोनेरी मूर्ती. मधला दरवाजा भिक्षूंसाठी असतो, आपण बाजूच्या दाराने, चपला काढून जायचं. शांत बसा, फोन आवरा.

रस्त्याच्या पलीकडे, टेम्पलस्टे, म्हणजे पाहुण्यांनी मठात राहायच्या उपक्रमाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बालू गोंगयांग नावाचं उपाहारगृह आहे. ते जोग्ये पंथच चालवतो. हा आमच्या दिवसातला सर्वांत सुखाचा टप्पा होता. इथे कागद दाखवावा लागला नाही. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही आणि कांदा-लसूणही नाही. माणशी 30,000 वॉनच्या पुढेच खर्च येतो आणि जागा काही दिवस आधी राखून ठेवावी लागते, पण माझ्या मते खर्च करायचा तर तो इथे.

बौद्ध मठांच्या स्वयंपाकात पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत. लसूण, कांद्याची पात, तिच्याच कुळातल्या आणखी दोन आणि पाचवी आहे हिंग. हिंग कोरियात पिकत नाही, म्हणून तिथे तिच्या जागी साधा कांदा धरतात. पण ती जुनी यादी हिंगासकट तशीच जपलेली आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यांचा चातुर्मास बारा महिने." कांदा-लसूण वर्ज्य म्हणजे काय, हे ज्या घरात माहीत आहे तिथल्या माणसाला या जेवणाची ओळख लगेच पटते. फरक एवढाच की आपण हिंगाच्या फोडणीवर निभावून नेतो आणि त्यांना तीही वाट बंद. मग चव येते ती मुरवलेल्या सोयाबीनमधून, वाळवलेल्या अळिंबीतून, समुद्रशैवालातून आणि तिळातून. कमळाचं देठ, पायरीपायरीने येणाऱ्या रानभाज्या, कमळाच्या पानात वाफवलेला भात हे सगळं सावकाश येतं, तसंच सावकाश खा.

तिथे जागा मिळाली नाही तर कुठल्याही साध्या खाणावळीत सानचे बिबिमबाप मागा, म्हणजे रानभाज्या घातलेला भात. मांस आणि अंडं वगळायला सांगा आणि सोबतची किमची बाजूला ठेवा. गोचुजांग घालून चमच्याने खालून वर कालवा, हात आखडता घेऊ नका. बिबिम या शब्दाचा अर्थच कालवणं असा आहे.

ताटावरच्या रीती थोडक्यात. भात आणि आमटी चमच्याने खायची, बाकी काड्यांनी. वाटी उचलून तोंडाला लावत नाहीत. काड्या भातात उभ्या खोचू नका, ती पूर्वजांना नैवेद्य दाखवायची पद्धत आहे. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर बाकीच्यांनी सुरुवात करायची. काहीही घेताना-देताना दोन्ही हात लावायचे. काही जागी शेवटी भांड्याच्या तळाला लागलेल्या भातावर गरम पाणी घालून देतात, त्याला सुंगन्युंग म्हणतात. खरवड आवडणाऱ्यांनी ते सोडू नये.

दुपारी अडीच: चहा

आता दिवसाचा मध्य आला. ही वेळ दीड तासापेक्षा कमी करू नका, हे मी कळकळीने सांगते. पाय दुखायला लागलेले असतात आणि पोट भरलेलं असतं. अशा वेळी घाईने कॉफी पिऊन पुढचं ठिकाण गाठलं की दिवस हातातून निसटतो.

मठापासून इन्सादोंगची गल्ली पाच-सात मिनिटांवर आहे. तिच्या आडवाटांना जुन्या हानोकांत, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांत, चहाची घरं आहेत. ग्योंगइन कलादालनाच्या अंगणातलं चहाघर मला विशेष आवडतं, कारण तिथे अंगण आणि झाडं आहेत. चपला काढून आत जायचं, जमिनीवर उशीवर बसायचं. एका पेयाचे साधारण 8,000 ते 12,000 वॉन पडतात.

यादीत चा या शब्दाखाली बरंच काही दिसेल, कारण कोरियन भाषेत फळांच्या आणि मुळांच्या काढ्यालाही चा म्हणतात. ओमिजा-चा हा लाल बेरीचा. ओमिजा म्हणजे पाच चवी: आंबट, गोड, खारट, कडू आणि तिखट. उन्हाळ्यात तो गार देतात, रंग आपल्या कोकम सरबतासारखा आणि आंबटपणा जिभेला ओळखीचा. देचू-चा लाल खारकेसारख्या बोरांचा, दाट आणि गोड. युजा-चा लिंबाच्या जातीतल्या सुवासिक फळाच्या मुरंब्याचा. स्सांगह्वा-चा हा औषधी मुळांचा काळा काढा, त्यात काही जागी अंड्याचा पिवळा बलक टाकतात, तेव्हा विचारून घ्या. गोड प्यायचं असेल तर सुजोंगग्वा मागा. दालचिनी आणि आलं उकळून केलेलं गार पेय, त्यात सुकवलेलं पर्सिमन फळ. आलं-दालचिनीच्या वासाने आईला घरी आल्यासारखं झालं.

पण एका जणाने तरी खरा हिरवा चहा मागवा, नोक्चा. नवव्या शतकात, 828 साली, चीनहून परतलेल्या दूताने आणलेलं बी जिरिसान डोंगरावर लावलं, अशी नोंद कोरियन इतिहासात आहे. आजही त्याच डोंगराच्या पायथ्याचा हादोंग आणि दक्षिणेचा बोसोंग हे चहाचे मोठे प्रदेश आहेत. वसंतातल्या पावसाच्या तिथीआधी, साधारण 20 एप्रिलपूर्वी खुडलेली सर्वांत कोवळी पानं म्हणजे उजोन, त्यानंतरची सेजाक. पहिल्यांदा पिणाऱ्याने सेजाक घ्यावा. उजोन महाग असतो आणि इतका हलका की दुधाच्या चहाला सरावलेल्या जिभेला त्यात काही लागतच नाही.

समोर चहादाणी, पेले आणि एक चोच असलेला वाडगा येईल. तो वाडगा पाणी निववण्यासाठी असतो. कृती अशी करा. गरम पाणी आधी रिकाम्या चहादाणीत, तिथून पेल्यांत फिरवून ओतून टाका, म्हणजे भांडी तापतात. मग नवं पाणी वाडग्यात घ्या आणि थांबा. उकळतं पाणी पानांवर पडलं की चहा कडू होतो. 70 अंशांच्या आसपास हवं, म्हणजे वाडग्याला हात लावून धरवेल इतपत. पानं चहादाणीत घाला, निवलेलं पाणी ओता, मिनिट-दीड मिनिट झाकून ठेवा. ओतताना एक पेला पूर्ण भरू नका. पहिल्यात थोडा, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात थोडा आणि मग उलट क्रमाने परत, म्हणजे सगळ्यांना सारख्याच चवीचा मिळतो. पेला दोन्ही हातांनी धरा, आधी रंग बघा, मग वास घ्या, मग प्या. त्याच पानांवर दुसरं आणि तिसरं पाणी घालता येतं. मला दुसरं पाणी सर्वांत जास्त आवडतं, पानं तेव्हा पूर्ण उमललेली असतात.

सोबत दासिक मागवा. तीळ, सोयाबीन किंवा परागाचं पीठ मधात मळून लाकडी साच्यात दाबलेले नाजूक गोळे. साच्याची नक्षी वर उमटते, आपल्या पेढ्यांसारखी. याकग्वा तळून मधाच्या पाकात बुडवतात, बालुशाही आवडणाऱ्यांना ते लगेच आपलंसं वाटेल.

चार ते पाच: बुकचोन, आणि पाचच्या आत बाहेर

इन्सादोंगहून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर बुकचोनची हानोक वस्ती आहे. कौलारू घरांच्या चढत्या गल्ल्या फार सुंदर आहेत, पण तिथे माणसं राहतात. पर्यटकांच्या वर्दळीने त्यांना नकोसं झालं, म्हणून सर्वांत गजबजलेल्या गल्लीत पर्यटकांना आता फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच परवानगी आहे. नियम मोडला तर 1,00,000 वॉन दंड होऊ शकतो. दबक्या आवाजात बोला, दारात उभं राहून फोटो काढू नका. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या चौकात अनोळखी माणसं दिवसभर डोकावत राहिली तर कसं वाटेल, एवढं मनात ठेवलं की पुरतं.

संध्याकाळ: तोक, ओढा आणि बाजार

परत दक्षिणेला उतरून नाग्वोन बाजाराच्या परिसरात या. इथे तोकची जुनी दुकानं आहेत. तोक म्हणजे तांदळाच्या पिठाचे पदार्थ, बहुतेक वाफवलेले. इन्जोल्मी हा चिकट तांदळाचा, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरलेला. आणि सोंगप्योन. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-साखरेचं किंवा कडधान्याचं सारण, आकार अर्धचंद्राचा आणि पाइनच्या पानांवर वाफवलेला. उकडीच्या मोदकाच्या देशातून आलेल्या माणसाला आणखी काय सांगू? छुसोक या सणाला ते घरोघरी करतात आणि पूर्वजांपुढे ठेवतात. हा सण पौर्णिमेचा, बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला, कधी अधिक महिन्याच्या हिशेबाने कोजागरीला. आपला पितृपक्षही त्याच भाद्रपद पौर्णिमेपाशी सुरू होतो.

सहाच्या सुमारास चोंगग्येचोन ओढ्यावर उतरा आणि काठाने पूर्वेला चाला. त्यावर पूर्वी उड्डाणमार्ग होता, तो पाडून 2005 मध्ये ओढा पुन्हा खुला केला. वीस-पंचवीस मिनिटांनी ग्वांगजांग बाजार येतो.

1905 साली सुरू झालेला हा बाजार रात्री खाण्याने गजबजतो. नाव बिन्देत्तोकचं. भिजवलेले मूग जात्यावर वाटून, भरपूर तेलात परतलेलं जाड धिरडं. ठेल्यांवर दगडी जातं फिरताना दिसतं, तिथे थोडा वेळ उभे राहाच. वाटणात डुकराचं मांस किंवा किमची असू शकते, तेव्हा शाकाहारींनी कागद काढावा. आई ते खाऊ शकली नाही, तिने होबाकजुक खाल्लं, लाल भोपळ्याची गोड दाट पेज. शेजारी लाल चवळीसारख्या दाण्यांची पातजुक असते. थंडीत सर्वांत मोठ्या रात्रीच्या दिवशी ती करतात, तिच्या लाल रंगाने अनिष्ट दूर राहतं अशी समजूत. बसण्याआधी पाटीवरचा भाव बोटाने दाखवून खात्री करून घ्या. निघताना होत्तोक घ्या, आत साखर-दालचिनी आणि दाणे असलेली तव्यावरची पोळी. गुळाच्या पोळीसारखीच, पण आतला पाक उकळता असतो, पहिला घास फुंकरून घ्या.

पहिल्या मार्गिकेचं जोंगनो 5-गा स्टेशन बाजाराला लागूनच आहे. सेजाकचा लहान डबा आणि गोचुजांग दुपारीच इन्सादोंगला घेऊन ठेवा, रात्री ती दुकानं मिटलेली असतात. गोचुजांग आणि किमची विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत, सामानाच्या बॅगेत घट्ट गुंडाळून टाका. किमची आतून फुगते, म्हणून मी ती आणतच नाही. आणि चहाचा डबा घरी मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. हिरवी पानं शेजारचा वास ओढून घेतात आणि मुंबईच्या दमट हवेत तर डबा उघडा राहिला की महिन्याभरात सगळी चव जाते.